कळलं न्हाय, पुढं बोला

मगदूम अण्णा कुणाचं बोलणं मधेच तोडत नाहीत. तुम्ही बोलायला लागलात की ते डोळे अर्धे मिटतात, उजवा हात टेबलावर उताणा ठेवतात आणि ऐकत बसतात. तुम्ही काही चुकीचं बोललात की त्यांचं एक बोट दुमडतं. थोड्या वेळानं दुसरं. नवख्या माणसाला वाटतं, बिचारे जप करताहेत. त्याचं बोलून संपलं की अण्णा डोळे उघडतात, हाताकडं बघतात आणि म्हणतात, "चार."

मग त्या चारी चुका, तुम्ही केल्या त्याच क्रमानं, समजावून सांगतात. रागानं नाही हो. भाजीवाली मिरचीवर फुकटचा कढीपत्ता ठेवते ना, तितक्या मायेनं. म्हणून तर जास्त झोंबतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटत नवऱ्याचं कौतुक सांगत होते. उंच आहे, शांत आहे, कध्धी चिडत नाही, स्वयंपाक येतो, आणि सासूबाई म्हणजे अगदी आईच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी पेढा तोंडात टाकला, हाताकडं बघितलं आणि म्हणाले, "अभिनंदन पोरी. दोन."

"कुठल्या दोन?"

"लगीन हू दे. मग सांगतो."

लग्नाला वर्ष होऊन गेल्यावर मीच त्यांच्या टेबलाशी जाऊन कबुली दिली. "बरोबर होतं अण्णा तुमचं. स्वयंपाक आणि सासूबाई."

अण्णा विचारात पडले. "स्वैपाक न्हवता माज्या दोनात. 'कध्धी चिडत न्हाय' ह्ये होतं."

म्हणजे तीन. असा हा माणूस. माझ्याशेजारी इतकी वर्षं बसतो आणि मी अजून शहाणी आहे, याचं माझ्या आईला नवल वाटतं.

आता आम्ही शेजारी बसून करतो काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची कंपनी छोटी, शिरोलीच्या एमआयडीसीतली. फौंड्रीतल्या भट्ट्यांना लागणाऱ्या कंट्रोलच्या पेट्या आम्ही बनवतो. कधी तापवायचं, कधी दार उघडायचं, किती लोखंड ओतायचं हे ती पेटी ठरवते. पण पेटीला हुकूम देणं म्हणजे आजवर इंजिनिअरचं काम होतं. आमचे मालक इंगळे साहेब पुण्याहून शिकून आलेले, डोक्यात सतत काहीतरी नवीन. त्यांनी ठरवलं, आपण आपली एक लहानशी भाषा काढायची, साध्या मराठी शब्दांची. फौंड्रीतला सुपरवायझर स्वतःच लिहील, "भट्टी तापली की दार उघड. लोखंड ओतलं की दार लाव." आता पेटीला मराठी कुठलं कळायला? मधे दुभाषा पाहिजे. त्या दुभाष्याला कंपायलर म्हणतात, आणि तो घडवायचं काम माझ्या आणि अण्णांच्या गळ्यात पडलं.

आमची वाटणी सरळ होती. वाक्य मी बघायचं, अर्थ अण्णांनी. समजा कुणी लिहिलं, "रंकाळा तालमीत जाऊन लिटरभर दूध प्याला." माझ्याकडून हे वाक्य बिनघोर पास. कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे, जा बाबा पुढं. पुढं अण्णा बसलेले. ते म्हणणार, रंकाळा हे तळं हाय, तळं तालमीत जात न्हाय, आणि तळ्याला तोंडबी न्हाय. भट्टीचंही तसंच. सुपरवायझरनं लिहिलं "तापमानात वजन मिळव", तर वाक्य ठणठणीत आहे. पण अंशांत किलो मिळवून येणार काय? कपाळ! ते पकडायचं अण्णांनी. आणि ही काही गंमत नव्हे. भट्टीत पाण्यासारखं लोखंड उकळत असतं. अशी चूक सुटून गेली तर कुणाचा तरी पाय जायचा.

अण्णांना हे काम नव्यानं शिकावं लागलंच नाही. ते जन्मालाच तसे आले असावेत. मिसळीच्या दुकानात पोऱ्यानं "कट थोडा वाढू काय?" असं विचारलं, तर हे विचारणार, "थोडा म्हंजे वाटी का पळी?" एकदा आम्ही ऑफिसच्या कामाला एसटीनं कागलला निघालो होतो. अण्णांनी कंडक्टरला विचारलं, "कागल किती लांब ऱ्हायलं?"

"आलंच की पावणं."

"आलंच, ह्ये अंतर झालं का वेळ झाली?"

कंडक्टरनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्ये तुमचं तिकीट झालं," तो म्हणाला, "आन् तोंड चालू ऱ्हायलं तर हितंच उतारा बी हुईल." सगळी गाडी हसली. अण्णाही हसले. "त्याचं बरोबर होतं," उतरल्यावर मला म्हणाले. "माझीच चूक. चालत्या गाडीत इचारायची गोष्ट न्हवं."

लग्नाकार्यात तर त्यांना बघत राहावं. मांडवात शिरले की आधी एक चक्कर मारतात. "पावणं, गाव कुठलं? कुणाच्यातलं?" एवढंच प्रत्येकाला विचारायचं आणि पुढं सरकायचं. पुढं एक अक्षर बोलत नाहीत. सगळा मांडव असा फिरून झाला की मग दुसरी चक्कर, निवांत, गप्पांची. मी म्हटलं, अण्णा, हे काय खूळ? तर म्हणे, "आदी सगळ्यांची नावं गोळा करून ठेवायची. मग कोण काय बोलतोय ते ऐकायचं. न्हायतर बोलण्यात मधीच एकादं नाव येतंय, आन् आपण खुळ्यागत बघत बसतोय."

हीच पद्धत त्यांनी कंपायलरमध्ये आणली. सुपरवायझरनं लिहिलेलं सगळं आधी एकदा नुसतं चाळून नावं टिपायची, आणि अर्थ दुसऱ्या फेरीत बघायचा. मला एकाच फेरीत सगळं उरकायचं होतं. झटपट होतं, सोपं होतं. वरच्या ओळीत जे नाव सांगितलेलंच नाही ते वापरलं तर चूक, संपला विषय. आठवडाभर भांडलो आम्ही. शेवटी अण्णा म्हणाले, "तुजी आई फोनवर कशी बोलती? 'आला हुता बघ, चा घेऊन गेला, लई वाळलाय.' मागनं सांगती, कोण तर शिरोळचा मामा. माणूस असाच बोलतो की पोरी. त्याला आपण चूक म्हणायचं?"

आईचं नाव काढल्यावर मी काय बोलणार? शिरोळचा मामा खरोखरच येऊन गेला होता.

आता त्यांच्या त्या वाक्याकडं येते. "कळलं न्हाय, पुढं बोला." हे त्यांचं पालुपद. समोरच्याच्या बोलण्यात काही समजलं नाही की हे अगदी प्रांजळपणे सांगायचं आणि हात उताणा ठेवून पुन्हा ऐकायला बसायचं. समोरचा भांबावतो. कळलंच नाही तर पुढं काय बोलू? इंगळे साहेब सोमवारच्या मीटिंगला पुण्याकडचं इंग्रजी फोडायला लागले की मागून शांत आवाज यायचा, "कळलं न्हाय साहेब, पुढं बोला." आम्ही सगळे खाली माना घालून ओठ चावत बसायचो. मला वाटायचं, हा अण्णांचा खवचटपणा आहे. चांगलाच आहे, पण खवचटपणाच.

आमची खरी भानगड झाली ती याच गोष्टीवरून.

प्रश्न असा होता. सुपरवायझरनं पानभर हुकूम लिहिले आणि त्यात चुका निघाल्या. तर कंपायलरनं पहिल्या चुकीलाच थांबायचं, की तिची नोंद घेऊन पुढं वाचत राहायचं आणि शेवटी सगळ्या चुका एकदम सांगायच्या? साहेबांचं म्हणणं, थांबायचं. अण्णांचं म्हणणं, पुढं जायचं. थांबणं सोपं असतं. पुढं जाणं म्हणजे डोक्याला ताप, कारण एक चूक पोटात घेऊन पुढचं वाचायचं असतं. सुपरवायझरनं वर लिहिलं "मोठी भट्टी" आणि खाली तिलाच "जुनी भट्टी" म्हणायला लागला, की संपलं. 'जुनी भट्टी' कोण, आम्हाला ठाऊक नाही. मग तिचं तापमान चूक, तिचं दार चूक, दार उघडायची वेळ चूक. नावडतीचं मीठ अळणी. एका चुकीपायी पडदाभर लाल ओळी.

त्यावर अण्णांनी तोड काढली होती. जे नाव ओळखीचं नाही त्याबद्दल एकदा बोलायचं आणि त्यावर 'माहीत नाही' असा शिक्का मारायचा. शिक्का बसला की त्याला सगळं माफ. ते किलोत मिसळू दे, अंशांत मिसळू दे, परत तक्रार करायची नाही. "एकदा बोललो न्हवं? झालं," अण्णा म्हणायचे. "त्येच त्येच उगाळायचं न्हाय. घर चालंत न्हाय त्यानं."

कल्पना भारी होती, पण कुठंतरी गळत होती. काही वेळा शिक्का मारूनही खोट्या तक्रारींचा लोंढा यायचाच, आणि आम्हाला भोक सापडत नव्हतं. इकडं मुरगूडकडच्या एका फौंड्रीचे मालक सोमवारी पेटी बघायला यायचे होते. शुक्रवारी सकाळी साहेब आमच्या टेबलाशी आले.

"अण्णा, आता पुरे. पहिल्या चुकीला थांबवा. एक चूक दाखवायची आणि गप्प बसायचं. बाकीचं पुढच्या वर्षी बघू."

मी अण्णांच्या हाताकडं बघितलं. एकही बोट दुमडलं नव्हतं. अण्णा उभे राहिले. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता, त्या दिवशी ऐकला.

"पैल्याच चुकीला थांबवलं साहेब, तर माणूस परत तोंड उघडत न्हाय!"

"अहो, मशीनशी बोलायचंय, माणसाशी नाही."

"बोलणारा माणूसच हाय की!"

गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं, डबा नसलेली पिशवी उचलली आणि निघून गेले. डबा ते कधीच आणत नसत. शिरोलीहून कसबा बावड्यापर्यंत स्कूटर हाणत रोज दुपारी घरी जेवायला जायचे आणि धापा टाकत परत यायचे. आम्ही चिडवायचो, अण्णा, या वयात एवढं प्रेम? ते नुसते हसायचे. त्या दिवशी मात्र ते परत आले नाहीत. फोनही उचलेनात.

साहेब हादरले. तसा माणूस वाईट नाही. "राजश्री, तू जा," म्हणाले. "तुझं ऐकतील. पण थांबवायचं म्हणजे थांबवायचं, एवढं त्यांना पटव. नाहीतर सोमवारी आपलं हसं होईल." म्हणजे बघा, पहिल्या चुकीला थांबायचं की नाही, एवढ्यावरून हा माणूस नोकरीवर पाणी सोडायला निघालेला. आणि त्याला वळवायला मी! तणतणतच शनिवारी गाडी काढली. मनात वाक्यं जुळवत होते. अण्णा, हट्ट सोडा. अण्णा, घरी बसून काय करणार आहात?

साखर कारखान्याच्या पुढं नवीन घरं झाली आहेत, त्यांतलं मागं उसाचं रान असलेलं अण्णांचं. दार शालन वहिनींनी उघडलं. त्यांना मी आधी फक्त फोनवर ऐकलं होतं, तेही पूर्वी. अण्णांसाठी फोन केला की वहिनी उचलायच्या आणि अण्णांचा नंबर लागेपर्यंत आपल्याला जयसिंगपूरच्या बाजारातला भाजीचा भाव आणि बावड्यातल्या चार घरांची खबर मिळालेली असायची. जयसिंगपूर हे त्यांचं माहेर. गेली दोनेक वर्षं फोन अण्णाच उचलत होते. मी काही विचारलं नव्हतं.

"ये की, ये," वहिनी हसून म्हणाल्या. ठसठशीत कुंकू, हिरवं पातळ, स्वच्छ खणखणीत आवाज. "उनाची भिंत सांडली आसंल वाटंत. बस ह्या भाकरीवर."

भाकरीवर म्हणताना त्यांनी खुर्ची पुढं सरकवली होती.

मी वळून अण्णांकडं बघितलं. म्हणजे सवयीनं आधी त्यांच्या हाताकडं बघितलं. हात टेबलावर उताणा होता. पाचही बोटं मोकळी.

"बस की," अण्णा म्हणाले.

वहिनी आत गेल्या. आतून आवाज आला, "खिडकी किती घालू गं?"

"खिडकी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"एक चमचा घाल," अण्णांनी लगेच आत सांगितलं. "तिला कमी गोड लागतंय."

मग खालच्या आवाजात मला सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी वहिनींना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सुधारले. शब्दांची मात्र उलथापालथ झाली. "शब्द हायती सगळे," अण्णा म्हणाले. "वाक्यबी बघ कसं नीट हाय. तुज्याकडं दिलं तर पास हुईल. फकस्त एकाच्या जागंवर दुसरा बसलाय. डॉक्टर म्हणाले, बोलत ऱ्हायल्या तर हळूहळू येतील जाग्यावर. गप्प बसल्या तर हाय तेबी जाईल."

"मग?"

"मग काय? माजा धंदाच चुका धरायचा. तिनं तोंड उघडलं की म्या धरलंच. खिडकी न्हवं शालन, साखर म्हण. म्हण की साखर. तिच्या माहेरची माणसं आली, तीबी तशीच. आक्का, असं न्हवं, तसं म्हण. मायेनंच की सगळे. एकदा जेवताना तिनं काय तरी मागितलं आन् म्या म्हटलं, चूक. तिनं माज्याकडं बघितलं आन् तोंड मिटलं. मिटलं ते मिटलंच." अण्णांनी टेबलावरून हात फिरवला. "सगळा पावसाळा गेला. उभ्या बावड्याला पुरंल एवढं बोलणारी बाई. घरात नुसता टीव्ही बोलायचा."

मी चहाची वाट बघत असल्यासारखं आत बघत राहिले. मला त्यांच्याकडं बघवेना.

"तवाच आपल्या हापिसात ह्यो इषय निघाला. थांबायचं का पुढं जायचं. म्या म्हटलं, आदी घरात करून बघू. तिच्याम्होरं बसलो आन् म्हटलं, शालन, चुकलो. तू बोल. कळलं न्हाय तर कळलं न्हाय म्हणीन, पर थांबवणार न्हाय." अण्णा जरा हसले. "लई दिवसांनी एक शब्द बोलली. 'छत्री.' कशाला म्हणाली द्येवाला ठावं. म्या म्हटलं, कळलं न्हाय, पुढं बोल. दुपारी जेवताना जास्त बोलती. त्या वक्ताला कुणी तरी म्होरं बसाय पायजे की."

मी तोंडाळ बाई. माझ्याकडं कुठल्याही प्रसंगाला एक उत्तर असतं. पण तिथं मला सरळ रडू आलं, आणि नेमक्या तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या. माझ्याकडं बघून अण्णांना रागावल्या, "पोरीला पिठात कशाला पाठवलासा?" ते मात्र मला पूर्ण कळलं.

साहेबांचा निरोप मी सांगितलाच नाही. पिशवीतून लॅपटॉप काढला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. "अण्णा," म्हटलं, "आज भोक सापडलंच पाहिजे."

दुपारभर आम्ही झटत होतो. वहिनी शेजारी मेथी निवडत अखंड बोलत होत्या, आणि अण्णांचा एक कान तिकडंच होता. मधेच वहिनी म्हणाल्या, "आवो, टोपलीला घड्याळ पाजा की."

"दोन्ही कळलं न्हाय," अण्णा स्क्रीनवरची नजर काढून म्हणाले. "पुढं बोल."

"वाळून चाललीया बिचारी. दारात हुबी हाय सकाळपास्नं."

अण्णा उठले, तांब्या भरला आणि दारातल्या तुळशीला पाणी घालून आले. टोपली काय आणि घड्याळ काय, त्या दोघांचं भांडण लावत बसले नाहीत. पुढं ऐकलं आणि उठले.

मी तुळशीकडं बघितलं आणि परत स्क्रीनकडं. मग एकदम ओरडले, "अण्णा! दोन्ही!"

आमच्याकडं एक नाव ओळखीचं आणि एक अनोळखी असलं तर माफी होती. पण दोन अनोळखी एकमेकांसमोर आले की आमचा कंपायलर त्यांना ताडून बघायचा, आणि जुळत नाहीत म्हणून बोंब ठोकायचा. गळती तिथं होती. दोघंही माहीत नसतील तर भांडण लावायचंच नाही, एवढाच बदल. चहा परत गरम होईपर्यंत झालाही.

निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या. माझा हात धरून काहीतरी लांबलचक, कळकळीचं सांगायला लागल्या. मला त्यातलं काहीच कळेना. तोंडावर "हो हो वहिनी" आलं होतं. आपण म्हणतोच ना असं, सुटका करून घ्यायला. ते गिळलं आणि म्हटलं, "वहिनी, कळलं न्हाय. पुढं बोला."

वहिनींचा चेहरा असा काही उजळला! त्या पुढं बोलल्या. उसावरून वारा येत होता, मी गाडीला टेकून उभी होते आणि त्या बोलत होत्या. शेवटी मला उमगलं, त्या मला पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन जेवायलाच ये म्हणत होत्या.

सोमवारी अण्णा आले. ओळखपत्र साहेबांनी स्वतः त्यांच्या हातात दिलं. फौंड्रीच्या मालकांनी त्यांचा सुपरवायझर बरोबर आणला होता, दांडगा गडी. एका बोटानं टाइप करत त्यानं पानभर लिहिलं, त्यात 'मोठी भट्टी' होती, 'जुनी भट्टी' होती, अंशांत किलो होते, सगळं होतं. मी मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडले. पडद्यावर उमटलं, "'जुनी भट्टी' कळली नाही. पुढे वाचतो आहे." मग बाकीच्या तीन-चार चुका, एकेकदाच. आणि शेवटी अण्णांनी घातलेली ओळ, "बाकी सगळं बरोबर आहे."

गड्यानं ते सावकाश वाचलं. "ह्ये बरं हाय की," आपल्या मालकांना म्हणाला. "वरडत न्हाय." आणि परत लिहायला बसला.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी सगळ्यांना जमवून भाषण ठोकलं. अण्णांची चिकाटी, अण्णांचा अनुभव, आणि "मला पहिल्यापासूनच खात्री होती" वगैरे. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "आभारी हाय साहेब. एक."

सगळ्यांत मोठ्यानं साहेबच हसले.

संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन मी अण्णांच्या मागोमाग बावड्याला गेले. वहिनी फाटकाशीच उभ्या होत्या. आमच्या गाड्या वळताना दिसल्या आणि त्या लहान मुलीसारख्या आत कुणाला तरी सांगत सुटल्या, आत कुणीही नसताना, "आलं बघा! जयसिंगपूर आलं!"

"माहेरचं कुणी यायचंय का?" मी अण्णांना विचारलं.

"न्हाय गं. मला म्हणती ती." अण्णा स्कूटर स्टँडला लावत होते. "बाकीचे शब्द यायला लागलेत एकेक. काल साखरेला साखर म्हणाली. माजं नाव तेवढं येत न्हाय. तसं आदीबी कवा घेत न्हवती म्हणा, आवो म्हणायची. आता तेबी कवा येतंय, कवा न्हाय. न्हाय आलं की जयसिंगपूर म्हणती."

ज्या गावाला गेल्यावर बाई महिना महिना परत येत नसे, ज्या गावच्या भाजीचा भाव सुद्धा ती कौतुकानं सांगायची, ते गाव.

"आणि तुम्ही ते कधी दुरुस्त नाही केलंत?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. हात वर केला आणि माझ्यासमोर एक बोट दुमडलं.

"एक," म्हणाले. "त्यात चूक कुठं हाय?"

आणि फाटक ढकलून, "व्हय, व्हय, आलो," असं ओ देत घरात गेले.